तुमचा डिफ शेवटचा कधी उघडला होता?

मागच्या भागात शॉकचं तेल झालं, आज डिफ.

वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. दोघांना वेगवेगळं फिरू देतो तो डिफरन्शियल. गिअर डिफमधलं सिलिकॉन तेल किती घट्ट, त्यावर गाडीचा स्वभाव ठरतो. १/८ बग्गीत पुढे ५०००, मधे ७०००, मागे ३००० सीएसटी, अशी सुरुवात बरेच जण करतात.

आता माझा गाढवपणा ऐका. मागचा डिफ दोन महिने उघडलाच नव्हता. रेसला वळणातून बाहेर पडताना आतलं चाक नुसतंच गरगर फिरायचं. मी टायरला शिव्या घातल्या, नवे टायर घेतले, तरी तेच! घरी येऊन उघडलं तर डिफ जवळजवळ कोरडा. ओ-रिंग चिरलेली. वीस रुपयांची वस्तू हो!

तेल भरताना काठोकाठ नको. गिअरची आडवी पिन जेमतेम बुडेल एवढंच. गरम झालं की तेल फुगतं, जागा नसेल तर सीलमधून बाहेर येतं. बुडबुडे वर येईपर्यंत चहा घेऊन या. मग समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळा. बंद केलेल्या डिफचं वजन मी वहीत लिहितो. पुढच्या वेळी तेवढंच भरायचं.

बॉल डिफवाल्यांनो, तुमच्याकडे तेल नाही, ग्रीस. मागची दोन्ही चाकं घट्ट धरा, स्पर गिअर अंगठ्याने ढकला. सरकायचाच तर स्लिपर सरकू दे. डिफ सरकला तर स्क्रू थोडा आवळा, नाहीतर रिंगा गेल्याच म्हणून समजा.