तळहातावरची मिस्सा

१५ ऑगस्ट १९७५, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. त्याच दिवशी व्हिएतनामच्या साम्यवादी राजवटीने सायगॉनला नुकतेच नेमलेले आर्चबिशप फ्रान्सिस झेवियर न्युएन व्हान थुआन यांना अटक केली. ना खटला, ना शिक्षेची मुदत. तेरा वर्षं कैद, त्यातली नऊ एकांतवासात.

पोटदुखीवर औषध म्हणून थोडा द्राक्षारस पाठवा, असं त्यांनी कळवलं. भाविकांना नेमकं उमजलं. मग रोज तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब, पाण्याचा एक, आणि तोंडपाठ मिस्सा. इतर कैद्यांबरोबर छावणीत असताना, दिवे मालवल्यावर ते ख्रिस्तप्रसादाचे कण मच्छरदाणीखालून शेजारच्या कैद्यांना द्यायचे. सिगारेटच्या पाकिटांच्या कागदाच्या पुड्यांत ते जपले जायचे.

पण कैदेतली ही शांती त्यांना आयती मिळाली नव्हती, आणि मला तेच फार मोलाचं वाटतं. ऐन सत्तेचाळिसाव्या वर्षी हातची कामं अर्ध्यावर सुटली, आपली माणसं दुरावली, या विचाराने ते तळमळत. एका रात्री त्यांना उमगलं, की आपण करत होतो ती देवाची कामं होती. ती म्हणजे देव नव्हे. कामं गेली, तो मात्र इथेच आहे. तिथून मन निवलं.

पहारेकऱ्यांशीही ते मायेनं वागत. त्यांच्यातल्या एकाने लाकडाचा तुकडा कापू दिला. त्याचा क्रूस साबणाच्या वडीत लपला. विजेच्या तारेची साखळी झाली. १९८८ मध्ये सुटका झाली, २००१ मध्ये ते कार्डिनल झाले. गळ्यात तोच क्रूस होता.