न्याय्य शाळा कशी असावी? मुलांना विचारू या
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



शाळा कशी असावी यावर आपल्या संमेलनांत पुष्कळ बोलले जाते. पाहुणे बोलतात, पदाधिकारी बोलतात, आम्ही शिक्षकही बोलतो. जे रोज बाकावर बसते त्या मुलाकडून मात्र आपण स्वागतगीत तेवढे ऐकतो.

मुलांना काय कळते, असे कोणी म्हणेल. त्यांनी १८५५ साल आठवावे. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो त्या वर्षी 'ज्ञानोदया'त छापून आला. पेशवाईत आपल्या लोकांचे कसे हाल झाले, हे तिने निर्भयपणे मांडले. पण ती तेथेच थांबली नाही. गांजलेल्यांतही उतरंड असते, महारही मांगांना कमी लेखतात, हेही तिने लिहिले. एवढे खरे बोलण्याचे धैर्य शाळेतल्या मुलीला झाले, कारण तिला ऐकून घेणारे शिक्षक लाभले होते. सावित्रीबाईंनी १८५६ साली जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांच्या सहकारी फातिमा यांचा उल्लेख येतो, हे आपल्या मुलींनी अवश्य लक्षात ठेवावे.

मुक्ताचा हा धडा आपल्यासाठीही आहे. बाहेरच्या अन्यायाबद्दल आपण बोलतो, आणि ते बोललेच पाहिजे. पण आपल्या चार भिंतींच्या आत काय चालते? हे जाणण्यासाठी मी सातवीच्या मुलांना एकेक चिठ्ठी दिली. नाव लिहायचे नाही. शाळेतली कोणती गोष्ट अन्यायाची वाटते, तेवढेच लिहायचे.

एकाने लिहिले, "गैरहजर कोण ते विचारतात, का ते विचारत नाहीत." कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्या तालुक्यातली कितीतरी मुले शेतात असतात, हे आपण सारे जाणतो. दुसऱ्याने लिहिले, "वर्ग झाडायला मुलींनाच सांगतात." तिसऱ्याने लिहिले, "मी घरी बोलतो तसे वर्गात बोललो की सगळे हसतात." ही तक्रार मराठवाड्याला नवी नाही. १९४८ पर्यंत निजामी अमलात सरकारी शिक्षणाची मुख्य भाषा उर्दू होती. मराठी आणि तेलुगू मुलांच्या घरची बोली वर्गाबाहेर राहत असे. आज आपल्या घरची दखनी किंवा तांड्यावरची गोरमाटी हसण्यावारी जाते. भाषा बदलली, पण मुलाचे अवघडणे तेच राहिले.

या चिठ्ठ्या वर्गात वाचून मी मुलांनाच उपाय विचारला. त्यांनी झाडण्याच्या पाळ्यांची यादी केली. तीत मुलगे आले, मुली आल्या आणि वर्गशिक्षकाचेही नाव आले. माझी पाळी गुरुवारी असते. दर शनिवारी बाक बदलायचे, हेही त्यांनीच ठरवले. न्याय म्हणजे काय, हे त्यांना व्याख्येवाचून समजले होते.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. मूल भयमुक्त असावे आणि त्याला आपले मत मोकळेपणाने मांडता यावे, असे त्याचे कलम २९ सांगते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागू नाही, असा निकाल दिला. आपली स्वायत्तता मोलाची आहे, यात शंका नाही. पण मुलाचे ऐकून घ्यायला कायद्याची सक्ती कशाला हवी? जे दुसऱ्यांना कायद्याने करावे लागते, ते आपण आपखुशीने करून दाखवू या.

एक चिठ्ठी मात्र मला वर्गात वाचता आली नाही. "पुढच्या वर्षी मला शाळेतून काढणार आहेत. हा अन्याय शाळेचा की घरचा?" एवढेच तीत होते. हिचे उत्तर यादी करून मिळणार नाही. वाट लांब असेल तर मुलींना सोबत कोण करील, शाळेत त्यांच्यासाठी स्वच्छ संडास आणि पाणी आहे काय, आणि हे सारे असूनही तिला घरी बसवायचे कारण कोणते, हे शिक्षक, संस्था आणि वडीलधारी मंडळी यांनी एकत्र बसूनच ठरवावे लागेल. त्या बैठकीत मुलींनाही बसवा.

संस्थेला माझी विनंती अशी की, दर तिमाहीस एका बैठकीत दोन विद्यार्थी आणि दोन विद्यार्थिनी असाव्यात. त्यांचे म्हणणे इतिवृत्तात लिहिले जावे आणि पुढच्या बैठकीत त्याचे काय झाले, ते त्यांना सांगितले जावे. पालकांना विनंती अशी की, आज घरी गेल्यावर मुलाला गुण विचारण्याआधी शाळेत काय खुपते ते विचारा. उत्तर मिळाल्यावर रागावू नका. ते आमच्याविरुद्ध असेल, तर आम्हाला येऊन सांगा.