सांडपाणी केंद्रातील दुर्गंधी : मूळ आणि उपाय



शहराचे सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र असावे, हे सर्वांना मान्य असते. मात्र ते आपल्या वस्तीजवळ नसावे, असाही आग्रह असतो. या विरोधाचे मुख्य कारण दुर्गंधी हे होय. लोकांची ही तक्रार रास्त आहे. परंतु दुर्गंधी अटळच आहे, ही समजूत बरोबर नाही. पाण्यातील प्राणवायू संपल्याची ती खूण असते. ही खूण ओळखून काम केल्यास दुर्गंधी बऱ्याच अंशी आटोक्यात ठेवता येते.

ताज्या सांडपाण्याला फारसा उग्र वास नसतो. तेच पाणी पुरेसा उतार नसलेल्या गटारात किंवा पंपाच्या विहिरीत तासन्‌तास साचले, की त्यातील प्राणवायू जंतू वापरून टाकतात. मग गाळात व नळाच्या आतील बुळबुळीत थरात प्राणवायूवाचून जगणारे जंतू वाढतात आणि पाण्यातील सल्फेट क्षारांपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो तो याचाच. तपमान दहा अंशांनी वाढले, की ही क्रिया जवळजवळ दुप्पट वेगाने होते. उन्हाळ्यात तक्रारी वाढतात त्या यामुळेच. हाच वायू पुढे ओलसर काँक्रीटवर गंधकाम्लात रूपांतरित होऊन गटारांचे छत पोखरतो. म्हणजे दुर्गंधीकडे केलेले दुर्लक्ष शेवटी तिजोरीलाही महाग पडते.

सुगंधाने भागत नाही

सन 1858 च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये टेम्स नदीची दुर्गंधी असह्य झाली, तेव्हा पार्लमेंटच्या इमारतीत क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजविलेले पडदे लावण्यात आले. त्यांनी काही साधले नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायदा झाला आणि जोसेफ बॅझलजेट यांच्या योजनेनुसार मोठी गटारे बांधली गेली, तेव्हा कुठे प्रश्न सुटू लागला. आजही केंद्राच्या कुंपणावर सुगंधी फवारे मारणे हे त्या पडद्यांसारखेच आहे.

उगमापाशी उपाय

पहिला उपाय गटारात करावयाचा असतो. पाणी सेकंदाला निदान 0.6 मीटर वेगाने वाहिले, तर गाळ खाली बसत नाही. पंपाच्या विहिरीत पाणी फार काळ थांबू देऊ नये. लांब नळातून पाणी ढकलावे लागत असेल, तर नायट्रेट क्षार मिसळल्यास जंतू सल्फेटऐवजी नायट्रेट वापरतात आणि वायू तयार होत नाही. लोहाचे क्षार तयार झालेल्या सल्फाइडला काळ्या साक्याच्या रूपाने बांधून ठेवतात.

केंद्रात चाळण्यांवरील घाण दररोज उचलावी. निवळण टाकीतील गाळ वेळच्या वेळी काढावा. तो तळाशी कुजला, की वर तरंगू लागतो. वायुमिश्रण टाकीत प्राणवायू कमी पडू देऊ नये. या गोष्टींना यंत्रसामग्रीपेक्षा शिस्त अधिक लागते.

एवढे करूनही प्रवेश कुंड व गाळ घट्ट करण्याच्या टाक्या यांतून वायू निघतोच. त्यांवर झाकणे घालून आतील हवा पंख्याने ओढावी आणि शुद्ध करून सोडावी. यासाठी रासायनिक धुलाई किंवा सक्रिय कोळसा वापरतात. तिसरी पद्धत साधी आहे : लाकडाचे तुकडे व कंपोस्ट यांच्या सुमारे एक मीटर जाडीच्या ओलसर थरातून हवा सोडली, की त्यातील जंतूच दुर्गंधी वायू खाऊन टाकतात. अमेरिकेत रिचर्ड पोमेरॉय यांना अशाच पद्धतीचे पेटंट 1957 मध्ये मिळाले. हा थर वाळू दिला, तर मात्र तो निकामी होतो. केंद्राभोवती झाडे जरूर लावावीत, पण तेवढ्यावर विसंबू नये.

नाकावर विश्वास नको

आता सर्वांत गंभीर मुद्दा. एक अब्ज भाग हवेत या वायूचे काही मोजके भाग असले, तरी नाकाला वास कळतो. परंतु दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास प्रमाण गेले, की घ्राणशक्ती बधिर होते आणि वास येईनासा होतो. प्रमाण सातशेच्या पुढे गेल्यास माणूस झटकन बेशुद्ध पडून दगावू शकतो. ‘वास गेला, आता उतरायला हरकत नाही,’ असे समजून मॅनहोलमध्ये उतरणे जिवावर बेतते. वाचवायला उतरलेला दुसराही बळी पडतो. संरक्षक साधनांविना माणसाला गटारात वा सेप्टिक टाकीत सफाईसाठी उतरविण्यास 2013 च्या कायद्याने मनाई केली आहे. शक्य तेथे हे काम यंत्रानेच करावे. वायुमापक यंत्र, बाहेरून हवा पुरविणारा मुखवटा, कमरेला दोर आणि वर उभा सहकारी यांवाचून कोणालाही आत पाठवू नये.

पदाधिकाऱ्यांना एक सूचना करावीशी वाटते. केंद्रात तक्रारींची नोंदवही ठेवा. तक्रारीची वेळ, वाऱ्याची दिशा आणि त्या वेळी केंद्रात चाललेले काम यांची नोंद करा. काही महिन्यांत दुर्गंधीचा उगम त्या पानांतूनच दिसू लागेल. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना केंद्र दाखवावे. ज्या केंद्रात नागरिकांना निःसंकोचपणे बोलाविता येते, त्याला जागा देण्यास पुढचे गाव सहसा नकार देणार नाही.