तुटलेला मज्जातंतु आणि रक्तांतील बिंबाणु

मनगटावर काचेचा खोल घाव बसतो. टांके घातल्यावर कातडी आठ-दहा दिवसांत सांधते; परंतु बोटांना स्पर्श कळत नाहीं, अंगठा वळत नाहीं. श्रोतेहो, असें कां व्हावें? घावाबरोबर आंतील मज्जातंतु तुटलेला असतो, आणि त्याची दुरुस्ती कातडीइतकी सोपी नसते.

इ. स. १८५० मध्यें ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञानें बेडकाच्या जिभेचे मज्जातंतु कापून दाखविलें कीं, छेदापलीकडील तंतु मूळ पेशीपासून तुटल्यामुळें झडून जातात. मात्र त्यांभोंवतींच्या श्वान पेशी जिवंत राहतात. त्या मोडतोड साफ करून नव्या अंकुरासाठीं वाट राखतात. अंकुर त्या वाटेनें पुढें सरकतो, पण दिवसाला सुमारें १ मिलिमीटर! कोपरापाशीं तुटलेल्या तंतूला ३० सेंटिमीटरवरील हाताच्या पंजापर्यंत पोंचावयास दहा महिने लागतात. तोंवर पंजाचे लहान स्नायु वाळूं लागतात. वर्ष-दीड वर्ष लोटल्यावर अंकुर पोंचला, तरी ते पुन्हां कामास लागतीलच असें नाहीं. येथें खरी शर्यत काळाशीं आहे.

या शर्यतींत साह्य व्हावें म्हणून शास्त्रज्ञांचें लक्ष रक्तांतील बिंबाणूंकडे, म्हणजे प्लेटलेटांकडे, वळलें आहे. रुग्णाचेंच थोडें रक्त यंत्रांत वेगानें फिरवितात. तांबड्या पेशी तळाशीं बसतात आणि वरील पिवळसर द्रवांतून बिंबाणूंनीं समृद्ध असा अंश वेगळा काढतां येतो. बिंबाणु रक्त गोठवितात हें सर्वश्रुत आहे. पण त्यांतून वाढीस चालना देणारीं द्रव्येंही स्रवतात. कांहींमुळें नव्या रक्तवाहिन्या फुटतात, तर कांहींमुळें श्वान पेशींची संख्या वाढते. हा अंश सांध्याभोंवतीं सोडावा, अशी ही कल्पना आहे.

उंदरांवरील पुष्कळ प्रयोगांत तिचा लाभ दिसला, कांहींत दिसला नाहीं. मनुष्यांत मनगटाशीं दाबल्या गेलेल्या मज्जातंतूपाशीं हें द्रव टोंचून कित्येकांस आराम पडला आहे; परंतु दाबलेला तंतु निराळा व तुटलेला निराळा. तुटलेल्या तंतूविषयींचा मनुष्यांतील पुरावा अद्याप तोकडा आहे. शिवाय द्रव तयार करण्याची रीत ठिकठिकाणीं वेगळी असल्यानें निष्कर्षांची तुलनाही कठीण होते.

म्हणून आजही मुख्य उपाय शस्त्रक्रियेचाच. तुटलेलीं टोंकें ताण न देतां सूक्ष्मदर्शकाखालीं शिवावींत. अंतर अधिक असल्यास पोटरीतील संवेदनेचा तंतु मध्यें जोडावा. बिंबाणु उद्यां या कामीं सहायक ठरतील, पण गमावलेले महिने ते परत देऊं शकणार नाहींत. जखम भरली तरी बोट बधिरच राहिलें, तर "येईल हळूहळू" म्हणून स्वस्थ बसूं नये; त्याच आठवड्यांत शस्त्रवैद्यास हात दाखवावा.