दाताचा दवाखाना आणि १५ मार्च

आज टॅक्सवर बोलू. केजमध्ये माझा दाताचा दवाखाना आहे. पेशंट बरेचसे ऊसतोडीवाले. पाडव्याच्या आसपास टोळ्या परततात, मग कवळ्या, रूट कॅनॉल, सगळं रोखीत. अॅडव्हान्स टॅक्स मात्र १५ मार्चलाच! म्हणून मी दिवाळीआधीच्या फीतूनच रक्कम बाजूला काढते.

वर्षाची फी ५० लाखांच्या आत असेल, तर किमान निम्मी फी नफा दाखवायची. मग वह्या ठेवायची सक्ती नाही. रोख ५ टक्क्यांच्या आत असेल, तर मर्यादा ७५ लाख. ते आपल्याकडं कुठलं!

‘रोख कशाला दाखवता, मॅडम?’ असं विचारणारे भेटतात. मी पावती फाडतेच. एक्स-रे मशीनसाठी कर्ज मागितलं, तेव्हा बँकेनं आधी तीन वर्षांची रिटर्नं मागितली. आता पेशंटला एक्स-रेसाठी अंबाजोगाईला धाडावं लागत नाही.