सूर्यमालेचा पाठ आणि शाळेचे वर्ष



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘प्राथमिक शाळेतील सूर्यमाला’ असे कळविले. ज्या व्यासपीठावर राजकारण, साहित्य आणि अध्यात्म यांची चर्चा होते, तेथे चौथी-पाचवीच्या पोरांचा विषय कोणाला किरकोळ वाटेल. परंतु एक साधा प्रश्न आपण घरी जाऊन विचारून पाहावा. चंद्राच्या कला का होतात? चांगले शिकलेले पुष्कळ लोक ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून’ असे बेलाशक सांगतात. सावली पडते ती ग्रहणात. कलांशी तिचा संबंध नाही. म्हणजे शाळेत सूर्यमाला शिकूनही समजूत चुकीची राहिली, आणि पुढची दहा-पंधरा वर्षे ती कोणी दुरुस्त केली नाही.

असे का होते? आम्हां शिक्षकांचा वर्ग तेवढा आळशी आहे, हे उत्तर सोपे आहे; पण ते पुरे नाही. आपल्या कोकणापुरती एक अडचण वेगळीच आहे. शाळा उघडते जूनच्या मध्यावर. पाचवीच्या परिसर अभ्यासात सूर्यमालेचा पाठ गेली बरीच वर्षे अगदी आरंभी आलेला आहे. म्हणजे तो शिकवावयाचा केव्हा, तर मृग-आर्द्रात, जेव्हा रत्नागिरीच्या आकाशात चंद्र दिसायची मारामार आणि तारा तर औषधालाही नाही! मूल पुस्तकातले रंगीत चित्र पाहते, आठ नावे घोकते, चाचणीत लिहिते. ऑक्टोबरात आभाळ मोकळे होते, तोवर पाठ संपून तीन महिने झालेले असतात. आकाश उघडले आणि पुस्तक मिटले, अशी ही गत आहे.

यावर आमचे म्हणणे थोडक्यात असे: सूर्यमाला एका पाठात कोंडू नये. ती वर्षभर पसरावी, आणि भाषा, गणित, भूगोल, इतिहास, चित्रकला, खेळ या सर्व तासांतून थोडी थोडी शिकवावी. हे प्राथमिक शाळेतच साधण्यासारखे आहे. हायस्कुलात गणिताचे मास्तर निराळे, भूगोलाचे निराळे. आमच्या वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत सारे विषय एकच गुरुजी किंवा बाई शिकवतात, आणि दोन-तीन इयत्ता एका खोलीत बसतात. ही नेहमी तक्रारीची बाब असते. या एका कामात मात्र ती सोय आहे.

आणि अशा शिक्षकाचा वारसा आपल्याच जिल्ह्यात आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ साली दापोली तालुक्यातील मुरूड गावी झाला. औपचारिक शिक्षण मॅट्रिकपर्यंत. हयात गेली मास्तरकीत आणि शिक्षक तयार करणाऱ्या ट्रेनिंग कॉलेजात. या गृहस्थाने सामान्य वाचकांसाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले, आणि १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, ज्याचा आधार आजही या विषयाच्या अभ्यासकांना घ्यावा लागतो. १८९८ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचेचाळिशीच्या आत, ते गेले. पंचांग, गणित, इतिहास आणि भाषा ही त्यांना चार विषयांची चार कपाटे वाटली नाहीत. आपणही मुलांपुढे तशी कपाटे का उभी करावी?

आता वर्षाच्या क्रमाने पाहू. जूनमध्ये तारे दिसत नाहीत. परंतु त्यांची नावे घरोघर चालू असतात. ‘मृग लागला’, ‘आर्द्रा कोरड्या गेल्या’, ही भाषा शेतकऱ्याच्या मुलाला कोणी शिकवावी लागत नाही. पण मृग लागला म्हणजे काय झाले? सूर्य मृग नक्षत्रात आला, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या पाठीमागे तेव्हा मृगाच्या बाजूचे तारे आहेत. तेरा-चौदा दिवसांनी नक्षत्र बदलते, कारण पृथ्वी तेवढी पुढे सरकते. ३६५ ला २७ ने भागा, साडेतेरा येतात. हा झाला भागाकार. मुलांनी आजोबांना विचारून पावसाची नक्षत्रे तारखांसह वहीत लिहावी. ती झाली भाषा. आणि डिसेंबरात संध्याकाळनंतर पूर्वेकडे तोच मृग उगवताना दाखवावा. जूनमध्ये जो सूर्याच्या आड होता, तो आता रात्रभर दिसतो. मधल्या सहा महिन्यांत आपण सूर्याच्या दुसऱ्या बाजूस आलो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते याचा यापेक्षा समजण्याजोगा पुरावा दहा वर्षांच्या मुलाला कोणता द्यावा? ज्या लोकमान्यांचा जन्म १८५६ साली याच रत्नागिरीत झाला, त्यांच्या १८९३ च्या ‘ओरायन’ ग्रंथाचा पाया हाच मृग आहे, हेही जाता जाता सांगावे.

पावसाळ्यातला दुसरा पाठ समुद्राचा. राजिवड्याच्या किंवा मिऱ्याच्या मुलाला उधाण आणि भांग यांतला भेद आपण सांगावयाचा नसतो. तो त्याने आपल्याला सांगावयाचा असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात तेव्हा पाणी जास्त चढते. काटकोनात ओढतात तेव्हा कमी. पावसाळी उधाणात मिऱ्याच्या बंधाऱ्यावर लाटा चढतात, तेव्हा सूर्यमाला गावाच्या दारात येऊन ठेपलेली असते.

येथे गणिताचा तास फार उपयोगी पडतो. किनाऱ्यावर जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. आपल्या आजोबांनी घोकलेली पाऊणकी ती हीच. आठ पाऊणकी सहा! भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. पाऊण तास हे त्याचे तोंडी हिशेबाला सोपे केलेले रूप आहे. हा ठोकताळा प्रत्येक बंदराला तंतोतंत लागू पडत नाही. ते बरेच आहे. मुलांनी पंधरा दिवस मांडवीवर किंवा भाट्याच्या खाडीशी, मोठे माणूस सोबत घेऊन, भरतीची वेळ टिपावी आणि आपल्या बंदरापुरती दुरुस्ती स्वतः काढावी. पाढा कशासाठी पाठ करायचा, हा प्रश्न मग मुले विचारणार नाहीत.

भाषेच्या तासाला वार घ्यावेत. रवि, सोम, मंगळ, हा क्रम कोठून आला? जुन्या ज्योतिष्यांनी मंदगतीपासून शीघ्रगतीपर्यंत सात ग्रह असे लावले: शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, सोम. दिवसाच्या २४ होरा एकेकाला क्रमाने वाटल्या, आणि पहिल्या होरेचा जो स्वामी त्याचे नाव दिवसाला दिले. २४ ला ७ ने भागले की बाकी ३ उरते. म्हणून शनीपासून तीन घरे पुढे जा, रवि येतो. रवीपासून तीन घरे पुढे, सोम येतो. मुलांना बोटांवर हे करू द्यावे. सातही वार बिनचूक जुळलेले पाहून त्यांना जो आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो.

याच तासाला आणखी एक गाठ सोडवावी. घरी नवग्रह, शाळेत आठ ग्रह. मुलाने कोणाचे खरे मानावे? दोन्हीकडे शब्द एक, अर्थ निराळे. पंचांगात आकाशात जागा बदलणाऱ्या सर्वांना ग्रह म्हणतात. म्हणून सूर्य, चंद्र आणि राहू-केतू हे गणिती बिंदूही त्यात आले. आजच्या शास्त्रात सूर्याभोवती फिरणारा, स्वतःच्या भाराने गोल झालेला आणि आपली वाट मोकळी केलेला तो ग्रह. ही व्याख्या २००६ साली प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ठरविली आणि प्लूटो यादीतून निघाला. प्लूटो होता तेथेच आहे. आपण शब्दाची कुंपणे सरकवली. घरच्या पूजेशी भांडण न करता हा भेद सांगता येतो, आणि तो सांगितलाच पाहिजे.

ऑक्टोबर उजाडला की चित्रकलेचा तास बाहेर न्यावा. कृष्ण अष्टमीच्या सुमारास सकाळी दहाला पश्चिमेकडे अर्धा चंद्र दिसतो. ‘चंद्र रात्री असतो’ असे लिहिणाऱ्या मुलांना तो उन्हात उभे राहून दाखवावा. मग एक लिंबू काडीला टोचून, उन्हातच, चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असे हात लांब करून धरायला सांगावे. लिंबाचा जेवढा भाग उजळलेला दिसतो, तेवढाच चंद्राचाही दिसतो. सावलीची समजूत तेथल्या तेथे गळून पडते. त्यानंतर महिनाभर रोज चंद्राचे चित्र काढावे, खाली तिथी लिहावी.

खेळाच्या तासाला भाट्याची वाळू आहेच. जेथे समुद्र नाही तेथे गावची पाणंद चालेल. प्रमाण घ्यावे १ सेंटिमीटरला १ लाख किलोमीटर. सूर्य १४ सेंटिमीटरचा होतो. सोललेला मोठासा नारळ ठेवावा. त्यापासून १५ मीटरवर पृथ्वी, मोहरीचा एक दाणा. चंद्र रव्याच्या बारीक कणाएवढा, पृथ्वीपासून चार सेंटिमीटरांवर. बुध ६ मीटरवर, शुक्र ११ मीटरवर, मंगळ २३ मीटरवर. तिघेही मोहरीच्या आतबाहेरचे. मग लांब चालावे लागते. गुरु ७८ मीटरवर, एक टपोरे करवंद. शनि १४३ मीटरवर, जरा लहान करवंद. युरेनस २८७ मीटरवर आणि नेपच्यून ४५० मीटरवर, मसुराएवढे दोन दाणे. पुस्तकातल्या चित्रात हे सारे एका पानावर शेजारी-शेजारी बसवलेले असतात, कारण पानाला दुसरा इलाज नाही. नेपच्यून झालेला मुलगा सुरूच्या बनाजवळून ओरडतो आणि नारळापाशी उभ्या असलेल्यांना ते ऐकू येत नाही, तेव्हा ‘अंतर’ या शब्दाचा अर्थ कळतो. आणि सर्वांत जवळचा दुसरा तारा? याच प्रमाणात तो ४,००० किलोमीटरवर, सिंगापूरच्याही पलीकडे. भूगोलाचा नकाशा त्या वेळी उघडावा.

इतिहासाच्या तासाला विजयदुर्ग. तो १९८१ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता. तेथे ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात, आणि १८६८ साली लॉकियरसाहेबाने येथेच हेलियम शोधला असे सांगतात. मुलांबरोबर ही गोष्ट तपासून पाहावी. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण हिंदुस्थानातून दिसले, हे खरे. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा गुंटूरला होते. लॉकियर होते इंग्लंडात. तेथेच २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, त्यांनी सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला, आणि त्यातल्या पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियमचे नाव पडले. पृथ्वीवर तो वायू रॅम्से यांना १८९५ मध्ये सापडला. लॉकियर विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, मेल्पोमीनी या युद्धनौकेच्या खलाशांना मदतीस घेऊन. लोकांच्या आठवणीत तीस वर्षांची दोन ग्रहणे एक झाली. खरी हकीगत सांगितल्याने विजयदुर्गाची शोभा कमी होत नाही. आणि ऐकीव गोष्ट व पुरावा यांतला फरक मुलाला आपल्याच किल्ल्यावर शिकता येतो.

शेवटचा पाठ सावलीचा. तो वर्षभर चालतो. अंगणात एक मीटरची काठी ओळंब्याने उभी करावी. माध्यान्हीची सावली २२ डिसेंबरला उत्तरेकडे ८५ सेंटिमीटर पडते, २१ मार्चला ३१ सेंटिमीटर. मे महिन्यात, ८ तारखेच्या सुमारास, ती नाहीशी होते, कारण आपण १७ अक्षांशावर आहोत आणि सूर्य नेमका डोक्यावर येतो. त्यानंतर ऑगस्टच्या आरंभापर्यंत सावली चक्क दक्षिणेकडे वळते. ही माध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही. भारताची वेळ ८२½ रेखांशाची; रत्नागिरी ७३ अंश १८ कलांवर. अंशाला चार मिनिटे धरली तर सुमारे ३७ मिनिटांचा फरक. ऋतुमानाने त्यात थोडे कमीजास्त होते. मेच्या आरंभी आपली खरी माध्यान्ह साडेबारानंतर दोन-चार मिनिटांनी येते.

कोणी म्हणेल, एवढा वेळ कोठून आणावा? माहित्या भरण्यात, परीक्षा घेण्यात आमचे दिवस जातात, ही गोष्ट खोटी नाही. पण वरच्या यादीत नवा तास एकही मागितलेला नाही. पाऊणकी शिकवायचीच आहे, चित्र काढायचेच आहे, खेळायचेच आहे. साहित्याचा खर्च म्हणाल तर एक नारळ, एक लिंबू आणि मूठभर दाणे. आणि नारळ शेवटी खाता येतो! एकच जपणूक सांगून ठेवतो: उघड्या डोळ्यांनी, किंवा दुर्बिणीतून, मुलाला सूर्याकडे कधीही पाहू देऊ नये.

श्रोत्यांपैकी सगळे शिक्षक नाहीत. म्हणून अखेरचे मागणे पालकांकडे. शिक्षकाला येथे तुमचे साहाय्य लागेल. नक्षत्रे आजोबांना ठाऊक आहेत, भरती दर्यावर्दी मंडळींना ठाऊक आहे. त्यांनी वर्षातून एकदा शाळेत येऊन बसावे. आणि सूर्य डोक्यावर येतो ते दिवस याच वसंतातले, सुटीतले. शाळा तेव्हा बंद असते. तेव्हा तो पाठ घरच्यांनीच द्यावयाचा आहे. त्या दुपारी मुलाला घेऊन पाच मिनिटे अंगणात उभे राहा, काठी रोवा, आणि सावली कोठे गेली ते त्यालाच सांगू द्या.