विहिरीवरच्या इंजिनाच्या रिंगा

वाशीम, कारंजा, रिसोड यांसारख्या गांवांत नोकरी-व्यवसाय करणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची थोडी शेती जवळच्या खेड्यांत असते. सोयाबीन निघतें, हरभरा पेरला जातो आणि ऐन पाणी देण्याच्या वेळीं विहिरीवरचें जुनें डिझेल इंजिन निळा धूर ओकूं लागतें. "रिंगा गेल्या," असा निकाल शेजारी उभ्याउभ्या देतात, आणि घरचा कर्ता मनुष्य बाजारांतून नव्या रिंगांचा संच घेऊन येतो. बहुतेकांची चूक येथेंच होते. रिंगा झिजल्या असतीलहि. परंतु त्या ज्याच्यावर घासल्या तो सिलिंडर कोणत्या स्थितींत आहे, हें अगोदर पाहावयास हवें.

दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या, अंगावरच्या खांचांत बसणारें बिडाचें तुटक कडें म्हणजे रिंग. १८५२ सालीं जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे-अभियंत्यानें हें कडें योजलें. त्यापूर्वीं वाफेच्या इंजिनांत तागाची गुंडाळी भरीत. कारंज्यावरून जाणारी 'शकुंतला' १९९४ पर्यंत वाफेवर धावली, तिचा दट्ट्याहि अशाच कड्यांच्या आधारानें चाले. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा दाबून तापवावयाची व तिच्यावर तेल उडवावयाचें. दाब निसटला कीं इंजिन चालूच होत नाहीं. आणि कड्यांना चालावें लागतें तरी किती! ८० मिलिमीटर व्यासाचें, ११० मिलिमीटर धावेचें, मिनिटाला १५०० फेरे घेणारें पांच अश्वशक्तीचें इंजिन घेतलें, तर रिंग तासाला सुमारें २० किलोमीटर घासली जाते.

हेड काढल्यावर सिलिंडरच्या वरच्या टोकाला नखानें चांचपावें. तेथें कंगोरा लागला तर तो काढल्याशिवाय नवी रिंग बसवूं नये. ती त्यावर आदळून मोडते. मग एक जुनीच रिंग घ्यावी, दट्ट्यानें सरळ ढकलून प्रथम कंगोऱ्याच्या खालीं व नंतर अगदीं तळाशीं बसवावी, आणि दोन्ही ठिकाणीं तिच्या टोकांमधील फट फीलर गेजनें मोजावी. दोन फटींमधील फरकाला सुमारें ३.१४ नें भागलें कीं व्यासांतला फरक कळतो. समजा, फरक ०.३ मिलिमीटर आला. म्हणजे सिलिंडर वर सुमारें ०.१ मिलिमीटर अधिक रुंद झाला आहे. अशा सिलिंडरला घरचें होनिंग उपयोगी नाहीं. त्याला बोअर करून मोठ्या मापाचा दट्ट्या तरी घालावा लागतो, किंवा नवा लायनर तरी. या साध्या भागाकारानें संचाची किंमत वांचते, आणि त्याहून मोलाचे चार दिवसहि.

झीज थोडी असेल तर मात्र होनिंग करावें. फार दिवस घासून सिलिंडरचें अंग कांचेसारखें गुळगुळीत होतें. त्यावर तेल टिकत नाहीं व नवी रिंग नीट बसत नाहीं. तीन दगडांचा होन हातड्रिलला लावून, डिझेल सोडीत, मंद फिरवितांना सारखा वरखालीं न्यावा. एका जागीं थांबूं देऊं नये. एकमेकींना सुमारें ४५ अंशांत छेदणाऱ्या बारीक रेघा दिसूं लागल्या कीं थांबावें. जास्त घोटण्याचा मोह नडतो. खालीं क्रँकवर कापड झांकलेलें असावें. त्यानंतर सिलिंडर नुसता डिझेलनें न पुसतां गरम पाणी व साबण यांनीं धुवावा. पांढरें फडकें पांढरेंच निघेपर्यंत धुवावा आणि वाळतांच तेल लावावें. रेघांत राहिलेली दगडाची भुकटी नव्या रिंगा थोड्याच दिवसांत खाऊन टाकते.

नवी रिंगहि प्रथम सिलिंडरमध्यें घालूनच पाहावी. १०० मिलिमीटर व्यासामागें सुमारें ०.४ मिलिमीटर फट, हा सामान्य अडाखा. उत्पादकानें दिलेलें माप असल्यास तेंच प्रमाण. खूण असलेली बाजू वर, आणि रिंगांचीं तोंडें एका रेषेंत नकोत.

एवढें करूनहि एक दुखणें राहतेंच. मळणीच्या दिवसांत वाशीमच्या शिवारांत उडणारी धूळ व भुसा पाहिला म्हणजे सिलिंडर कां झिजतो हें निराळें सांगावें लागत नाहीं. तेलाच्या एअर फिल्टरमधलें तेल चिखलासारखें झालेलें असतें, किंवा हवेची नळी फाटून चिंधीनें बांधलेली असते. ती नळी रिंगांच्या बरोबरच बदलावी.

इंजिन जुळल्यावर तें नुसतें रिकामें तासन् तास चालवूं नये. रिंगा दाबाखालींच बसतात. थोड्या वेळानें पंप जोडून मध्यम भारावर पाणी सुरू करावें. पहिल्या दिवशीं थोडा धूर येईल, तो हळूहळू विरतो. तोंवर हरभऱ्याच्या दोनचार सऱ्या भिजलेल्या असतात. पहिलें इंजिन-तेल मात्र लवकर बदलावें.